बटव्यांचा आहेर

मे लागला तेव्हा नवापूरच्या किनाऱ्यावर निम्म्याहून जास्त होड्या वाळूत येऊन बसल्या होत्या. पावसाळी बंदीला अजून अवकाश होता, पण समुद्रात जाऊन आणायचं काय? पापलेट यंदा आलंच नाही. जाळ्यात यायची ती बोटभर मांदेली आणि प्लास्टिकच्या पिशव्या. सारखा नुसता बर्फ घेऊन परत यायला लागल्यावर जानूने आळीतली माणसं बोलावली, होडी वर ओढून घेतली आणि ताडपत्रीनं शाकारून टाकली. दोर आवळताना तो मुलाला, सुजीतला, एवढंच म्हणाला, "बस झाला यंदाचा."

सुजीत तारापूरच्या एका कारखान्यात पिंपं चढवायच्या-उतरवायच्या कामाला लागला. जानू ओट्यावर जाळं पसरून बसला. त्याची बायको मंजुळा घरात उरलेलं सुकट पाटीत भरून बोईसरला जात राहिली. आणि सून रिद्धी माहेरून, शिरगावहून आणलेल्या पायमशीनवर आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत राहिली. तसे दिवस निघाले असते. पण घरात लग्न होतं.

लग्न जानूच्या धाकट्या मुलीचं, दिशाचं. दिवाळीत ठरलं तेव्हा मासळी बरी होती आणि जानू थाटात लग्न करून देतो म्हणून तोंड भरून बोलून बसला होता. नवरा मुलगा दर्पण जवळच्याच माहीम गावचा. माणसं चांगली होती, पण मोठ्या गोतावळ्याची.

"मांडव होईल, जेवन होईल," एका सकाळी भाकरी थापता थापता मंजुळा म्हणाली. "पन उष्टी हळद घेऊन त्यांच्या बाया येतील. नवऱ्याची आय, आत्या, मावश्या, करवल्या. त्यांना रिकाम्या हातानं धाडायचं काय?"

"नारळ दे," जानू जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला.

"नारळ देते. आनि पोरीनं जलमभर ऐकून घ्यायचं, तुझ्या आयने नारळावर बोळवलं."

रिद्धी मशीनवर होती. पाय न थांबवता तिनं म्हटलं, "आय, आपन बटवे करू. रेशमी, काठाचे. करवल्यांना केसात बांधायचे बो. विकत घ्यायला गेलं तर तसे मिळायचेपन नायत."

"आनि कापड?"

आता पाय थांबले. "बोईसरच्या बाजारात जुन्या साड्यांचे ढीग लागतात. त्यातनं चांगलं रेशीम निघतं."

मंजुळाची भाकरी तव्यावर फुगली आणि तशीच राहिली. रिद्धी जुन्या जीन्सच्या पँटी आणून त्यांच्या झोळ्या शिवते, बोईसरच्या एका पार्लरमधल्या पोरी त्या हौसेनं घेतात, हे तिला माहीत होतं. तिनं त्याला कधी नाव ठेवलं नव्हतं. पण हा आहेर होता.

"भांडेवाल्या घरोघर फिरून नेतात त्या साड्या," ती म्हणाली. "कोनाच्या असतात, कुठल्या असतात. मेल्या मानसाच्यापन असतात. ते मी विहिनीच्या हातात ठेवू?"

"मला चालेल," दिशा आतून म्हणाली.

"तुला इचारलं नाय."

विषय तिथंच राहिला. तिसऱ्या दिवशी रिद्धीने स्वतःच्या जुन्या रेशमी ब्लाउजचा एक बटवा शिवून सासूच्या पुढ्यात ठेवला. आतून पिवळं अस्तर, तोंडाला चुण्या, खाली कापडाचंच लहानसं फूल. मंजुळाने तो उलटा केला, सुलटा केला, आत हात घालून पाहिला. टाका कुठं सुटलेला नव्हता.

"एक सांगते," ती शेवटी म्हणाली. "कोनाला कळता नये. आळीत नाय, माहीमला तर नायच."

रविवारी रिद्धी आणि दिशा रिक्षात बसून बोईसरला गेल्या. ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाजारात एका कडेला निळ्या प्लास्टिकखाली जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते. कारखान्यातली परप्रांतीय पोरं पँटीची कंबर मानेभोवती गुंडाळून मापं बघत होती. साड्यांच्या ढिगापाशी एक जाडजूड गुजराती बाई पंख्याऐवजी पुठ्ठा हलवत बसली होती.

"बेन, ढीग मत बिखेर," ती म्हणाली. "क्या चाहिए बोल, मैं निकालती."

"सिल्क चाहिए. फटा हुआ भी चलेगा."

"फटे का क्या करेगी?"

"काटूँगी. थैली बनाऊँगी."

बाईने पुठ्ठा हलवायचा थांबवला आणि रिद्धीकडे नीट पाहिलं. मग बूड हलवून स्वतःच्या खालचं गाठोडं बाहेर ओढलं. त्यात एक अंजिरी लुगडं होतं, नऊवारी, घडीघडीवर विरलेलं. पण काठ जसाच्या तसा, बारीक कोयऱ्यांचा. रिद्धीने ते गालाला लावलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय गो, लग्नाची खरेदी हितनं चाललीय?"

शेजारची ठमीकाकी होती. डोक्यावर रिकामी पाटी, तोंडात पान. दिशाचा चेहरा लालेलाल झाला.

"उशांना खोळी करायच्यात, काकी," रिद्धी म्हणाली. "पावने येतील ना."

"कर, कर," ठमीकाकी म्हणाली आणि ढिगावर एक नजर टाकून पुढे गेली.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, जानूच्या घरी उशांच्या खोळीसुद्धा ढिगातल्या. नळावर कोणीतरी मंजुळाला हसत हसत विचारलं. मंजुळाने हंडा अर्धाच भरला आणि घरी आली. रिद्धीच्या मशीनशेजारून तरातरा आत गेली. हंडा जोरात ठेवला.

साड्या रिठ्याच्या पाण्यात भिजल्या, हलक्या हातानं पिळल्या गेल्या आणि घरामागे दोरीवर चढल्या. दुपारी वारा फिरला. शेजारी बांबूंवर बोंबील वाळत होते. साड्या उतरवल्या तेव्हा रिद्धीने वास घेतला आणि डोक्याला हात लावून खाली बसली. जानू ओट्यावरून उठून आला, त्यानं एक पदर नाकाशी धरला आणि इतका हसला की खोकला आला.

"बटव्यातनं बोंबील निघाला तर विहीन जलमात नाय विसरायची," तो म्हणाला.

साड्या परत धुतल्या. या वेळी आतल्या खोलीत पंख्याखाली, खिडक्या लावून वाळवल्या. घरातली माणसं दिवसभर ओल्या पदरांखालून वाकून जात होती. सुजीत कामावरून आला की दारातच म्हणायचा, "आता कोन्च्या गल्लीनं यायचं?"

मग कापायला सुरुवात झाली. अंजिरी लुगडं रिद्धीने सगळ्यात शेवटी घेतलं. जमिनीवर पसरून ती गुडघ्यांवर रांगत त्याच्या टोकापर्यंत गेली, कुठं विरलंय, कुठं धडकं आहे ते हातानं चाचपत. पदराच्या एका कोपऱ्यात बोटभर भोक कोणीतरी पिवळ्या रेशमानं रफू केलेलं होतं. उभे आडवे धागे जाळीसारखे बारीक घातलेले, आणि धागा उरला म्हणून असेल, भोवती चार पाकळ्याही काढलेल्या. रिद्धीने दिशाला हाक मारली.

"बघ गो. कोनी केलं असेल?"

"टाकशील काय ते?"

"येडी काय? ह्ये मधोमध घेऊन बटवा करते. समद्यात चांगला."

मंजुळा दारात उभी होती. कापाकापी सुरू झाल्यापासून त्या खोलीत ती आली नव्हती. "कापताना जीव नाय तुटत तुझा?" तिनं विचारलं.

"तुटतो ना, आय. म्हनून तर इतकी रांगते." रिद्धीने कात्री लावली. "पन तिथं ढिगात मानसं चपला घालून चढत होती त्याच्यावर."

काम चढत गेलं. कापडाच्या पट्ट्या, अस्तराचे गोल, काठाचे तुकडे खाटेवर, टेबलावर, टीव्हीवर. उकाड्यानं रिद्धीच्या पाठीला ब्लाउज चिकटायचा. मशीनचा पट्टा दोनदा तुटला, तो जानूने सांधून दिला. एकदा सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तिनं बोट तोंडात धरलं, चिंधी बांधली आणि पुन्हा बसली. बटव्यांच्या नाड्या तिनं रेशमाच्याच पट्ट्या वळून केल्या होत्या, पण त्या ओढल्या की घसरायच्या आणि तोंड उघडं राहायचं. जानूने ते ओट्यावरून पाहिलं, एक बटवा उचलून नेला आणि थोड्या वेळानं परत आणून दिला. नाडीला त्यानं जाळ्याची गाठ मारली होती. ओढली की बसत होती, सोडवली की सुटत होती.

"समद्यांना मारून देऊ काय?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बटव्यांची रास मांडीवर घेतली.

रिद्धीची पाठ एका दुपारी अशी धरली की तिला मशीनवरून उठता येईना. दिशाने तिला भिंतीला टेकवून बसवलं. मंजुळा बाजारातून आली होती. तिनं हे पाहिलं, मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. साबण लावला, मग लिंबाची साल चोळली, मग वास घेतला, मग पुन्हा चोळली. बाहेर येऊन ती पहिल्यांदा त्या खोलीत बसली. शिवून उलटे पडलेले बटवे तिनं पुढ्यात ओढले आणि पळीच्या दांड्यानं एकेकाचे कोपरे बाहेर काढत सुलटे करू लागली.

"हे अस्तर पिवळंच कशाला लावलंस?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"हळदीचं म्हनून."

मंजुळाने मान हलवली. "बरं दिसतं," ती म्हणाली.

उष्ट्या हळदीच्या दिवशी दुपारी माहीमचा टेम्पो आळीच्या तोंडाशी थांबला. पिवळ्या साड्या नेसलेल्या बायका एकमेकींना धरून उतरल्या. पुढे नवऱ्याची आत्या, हंसा, हळदीचं ताट घेऊन. ठेंगणी, पिकल्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा, पावलं भराभर टाकणारी. तिच्यामागे दर्पणची आई. बेंजोवाल्यांनी गाणं सुरू केलं, दिशाला पाटावर बसवलं, हळद लागली. आळीतल्या बायका गाणी म्हणत होत्या. दिशाच्या मनगटावर अंजिरी कापडाची फुलं होती, आणि दोन्हीकडच्या करवल्यांच्या केसात रिद्धीने स्वतः बांधलेले बो. पोरी एकमेकींचे फोटो काढत होत्या.

मग मंजुळा आहेर घेऊन उठली. एकेकीला कुंकू, ओटीत नारळ, हातात बटवा. बायका बटवे उघडून बघत, नाडी ओढून बघत, "कुठं घेतले?" विचारत. मंजुळा नुसती हसत पुढे जात होती. रफूवाला बटवा तिनं आत्यासाठी बाजूला ठेवला होता, कारण हळदीचं ताट आत्याने आणलं होतं.

हंसाआत्याने तो घेतला, उलटा करून बघितला, आणि तिचं बोट रफूवर थांबलं. ती होती तिथंच पायरीवर बसली.

"हा कुठनं आनला?" तिनं विचारलं.

"घरीच शिवलाय," मंजुळा म्हणाली. "सुनेने."

"शिवलाय दिसतंच. कापड कुठलं?"

मंजुळा हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडे बघू लागली. दारात उभ्या ठमीकाकीने मान पुढे काढली. "म्हंजे त्या उशांच्या खोळी नव्हत्या काय गो?" ती रिद्धीला म्हणाली. आवाज हळू ठेवायची तिला सवयच नव्हती. "बोईसरला ढिगातनं घेतलेल्या?"

गाणी म्हणणाऱ्या बायका गप झाल्या. बाहेर बेंजो तेवढा वाजत होता. माहीमच्या एका बाईने हातातला बटवा खाली ठेवला. "ढिगातलं आहेरात?" ती शेजारणीला म्हणाली.

हंसाआत्याला त्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती रफूवरून अंगठा फिरवत होती. "ह्यो माझ्या आयचा हात हाय," ती म्हणाली. "रत्नाबाईचा. मी लहान होते. दिव्यावर पदर धरला आनि जाळला. मार खाल्ला तिचा. मग तिनंच बसून हे भरलं आनि मला म्हनाली, रडू नको, तुझ्यामुळं फूल आलं लुगड्याला." तिनं मान वळवून भावजयीकडे पाहिलं. "वयनी, लुगडं गवसत नाय म्हनालीस ना मला? तीनदा इचारलं मी."

दर्पणची आई पदराशी चाळा करू लागली. "फाटकं होतं, आत्याबाय," ती म्हणाली. "भांडेवाली आलेली. तिनं डबा दिला स्टीलचा. मंग तुमी मागितलं तवा सांगायचं कसं?"

रिद्धी पुढे झाली. "आत्या, चूक माझी. मीच आनलं कापड. मला म्हाईत असतं तर कात्री नसती लावली."

"तू गप रव," मंजुळा म्हणाली. तिनं रिद्धीचा दंड धरून तिला मागे घेतलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली. हातात कुंकवाचा करंडा तसाच होता. "तिची नाय चूक. तिनं काय लपवलं नसतं. लपवायला मी सांगितलं. लाज मला वाटत होती. यंदा दर्यातनं काय आलं नाय. तुमीपन दर्यावरच्याच, तुमाला काय सांगायचं. ह्या पोरीने पाठ मोडेस्तोवर बसून हे शिवलं, बोटातनं सुई गेली तिच्या. जुनं हाय, पन धुतलेलं, निवडलेलं हाय. कमी वाटलं असेल तर मला बोला. सुनेला नको, आनि माझ्या पोरीलापन नको."

हे सगळं एका दमात बोलून तिला दम लागला. रिद्धी सासूच्या पाठीकडे बघत राहिली. या घरात आल्यापासून तिनं मंजुळाला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

हंसाआत्या पायरीवरून उठली. "बाकीचं लुगडं कुठं हाय?" तिनं रिद्धीला विचारलं.

"समदं वापरलं, आत्या. बटवे झाले, बो झाले. ह्या नवरीच्या हातातली फुलं त्याचीच. गोळा करून देते तुमाला. आत्ता देते."

करवल्यांचे हात आपोआप केसांकडे गेले. एकीने गाठ सोडवायलाही घेतली.

"थांब गो," आत्या म्हणाली.

ती एकेकीपाशी गेली. या पोरीचा बो जरा वळवून काठ पाहिला, त्या पोरीचा कमरेला खोचलेला बटवा हातात घेतला. एका लहान मुलीने आपला बो मुठीत घट्ट धरला होता. आत्याने तिची बोटं सोडवली नाहीत, नुसती वरून थोपटली. दिशापाशी आली तेव्हा तिनं हळदीनं माखलेला तिचा हात उचलून मनगटाची फुलं डोळ्यांजवळ नेली.

"आयने हे लुगडं माझ्या लग्नात नेसलं," ती म्हणाली. "मंग पेटीत गेलं. होळीला काढायची नाय, सणाला काढायची नाय. खराब होईल म्हनायची. शेवटी ती गेली तवा तरी तिला नेसवायचं, तर तवापन कोनाला आठवलं नाय." तिनं दिशाचं मनगट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "आनि आता बघा कशी नाचत सुटलीय घरभर. कोनी काही काढायचं नाय. हळदीला निघालीय माझी आय, तिला मागं कोन बोलावतं?"

मग तिनं स्वतःची मान रिद्धीपुढे वाकवली. "मला पन बांध एक."

"आत्या, तुमच्या अंबाड्याला?"

"का, केस हायत ना अजून?"

रिद्धीने राहिलेला एक बो आणला. अंबाडा इतका लहान होता की बो त्याच्यापेक्षा मोठा दिसत होता. दिशा पाटावरूनच फिसकन हसली आणि तिनं हळदीचा हात तोंडावर दाबला. आता तोंडही पिवळं झालं.

दर्पणची आई अजून खांबाला टेकून उभी होती. "आत्याबाय," ती चाचरत म्हणाली, "तो डबा हाय अजून घरात. तुमाला हवा तर..."

करवल्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग हंसाआत्याच हसायला लागली. तिनं पोट धरलं, डोळे पुसले, भावजयीचा हात धरून तिला ओढत दाराबाहेर नेलं. "डबा नको. चल, नाच माझ्याबरोबर. हीच तुला शिक्षा."

खाली ठेवलेला बटवा त्या माहीमच्या बाईने हळूच उचलून कमरेला खोचला. बेंजोवाल्यांनी चाल वाढवली. अंगणात बायकांचा घोळका झाला. जानू जाळं बाजूला सारून उभा होता, त्याला सुजीतने मागून ढकललं. ठमीकाकी नाचता नाचता रिद्धीपाशी आली आणि कानाशी लागून म्हणाली, "एखादा उरलाय काय गो? माझ्या नातीला?"

"देते, काकी," रिद्धी म्हणाली. "उशीची खोळपन देऊ काय?"

ठमीकाकीने तिच्या पाठीत धपाटा घातला. दुखऱ्या जागी बसला, पण रिद्धी हसतच होती.

उन्हं कलली तेव्हा टेम्पो निघाला. हंसाआत्या पुढच्या सीटवर बसली होती. खिडकीतून तिनं रिद्धीला जवळ बोलावलं. "लगीन झालं की माहीमला ये. आयची पेटी मागनं मी माझ्याकडं नेली. त्यात आनखी लुगडी हायत, वयनीच्या हाती लागली नायत ती. पोरी, नाती, समद्यांना तुझ्या हातचं करून दे. कामाचं काय घ्यायचं ते घे, लाजू नको." टेम्पो वळणाआड जाईपर्यंत आतल्या पोरी गाणं म्हणत होत्या.

घरात हळदीच्या पाण्याचा आणि झेंडूचा वास भरून राहिला होता. रिद्धी पाट उचलत होती. मंजुळा आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर एक हिरवं रेशमी लुगडं होतं, घड्या मोडलेल्या.

"ह्यात मी नवापूरला आले," ती म्हणाली. "दिशासाठी ह्याचा एक बटवा कर. उद्या जाताना तिच्या हातात देते."

"आय, हे तुमचं लग्नातलं. हे नको कापायला."

"मी कधी नेसनार आता? कर तू. मोठा कर, तिच्या सासूला लांबनं दिसेल असा." तिनं लुगडं मशीनवर ठेवलं, दोनदा हात फिरवून सरळ केलं, आणि कात्री शोधून रिद्धीच्या हातात दिली. "आनि तिथं कोनी इचारलं, कापड कुठलं, तर पोरीला सांगून ठेव. म्हनावं, आयचं हाय."